घरी, इटलीमार्गे

ऑगस्ट लागला की आमची गल्ली इटलीला जाते. भल्या सकाळी गाड्यांच्या टपांवर बॅगा चढतात, दोऱ्या आवळल्या जातात, मुलं उशा कवटाळून मागच्या सीटवर बसतात आणि एकेक फोक्सवागन फुरफुरत उतारावरून दिसेनाशी होते. कोपऱ्यावरचा बेकरीवाला दाराला पाटी लावून जातो, त्यामुळे ब्रेडसाठी ट्रामचे दोन स्टॉप चालत जावं लागतं. सगळ्यांनी मिळून एकाच देशात जायचं हे या लोकांनी कधी आणि का ठरवलं, कोण जाणे. लढाईनंतर यांच्या हातात चार पैसे खुळखुळायला लागले आणि यांना ऊन आठवलं, एवढंच मला कळतं.

शेजारच्या फ्राऊ ब्रेंडले निघताना केअरवोखेची पाटी माझ्या दाराला अडकवून गेल्या. केअरवोखे म्हणजे जिना झाडायची-पुसायची आठवड्याची पाळी. स्टुटगार्टमध्ये एक वेळ माणसाला देव नसला तरी चालेल, पण केअरवोखे चुकवलेली चालत नाही. ऑगस्टमध्ये अख्खी इमारत रिकामी होते आणि सगळ्यांच्या पाळ्या माझ्या गळ्यात येतात.

"आल्झो, फ्राऊ दाते, तुम्ही पण जा की एकदा इटलीला. जन्मात एकदा तरी बघायलाच हवी."

"पाहिलीय," मी म्हटलं.

"कधी?"

"लग्नानंतर. आम्ही दोघंच."

"आख! होखत्साइट्सरायझं!" त्यांनी दोन्ही हात छातीशी नेले. मधुचंद्राला त्यांच्या भाषेत असं लग्नाचा प्रवास म्हणतात. त्या प्रवासात कोण किती चाललं हे मी काही बोलले नाही. हातात झाडू होता आणि खाली गाडीत त्यांचा नवरा हॉर्न वाजवत होता.

यंदा आमच्याही जेवणाच्या टेबलावर इटलीचा नकाशा पसरलाय. माझे यजमान निळी पेन्सिल घेऊन त्यावर वाकलेले असतात. नेपल्स, रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस. दहा वर्षांपूर्वीची तीच गावं, त्याच क्रमाने. "मुलांनाही दिसेल," असं म्हणाले. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

चैत्रात पुण्याहून तार आली. सासूबाई गेल्या. इथून निघून पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार, म्हणून जाणं झालं नाही. यांनी तार वाचली, घडी केली, खिशात घातली, कोट चढवला आणि कामावर गेले. मला वाटलं, संध्याकाळी रडतील. मग वाटलं, रविवारी. त्या रविवारी हे मुलांना घेऊन टेकडी चढायला गेले. स्टुटगार्ट हे खोलगट वाटीत वसलेलं गाव आहे, आणि वाटीच्या कडेने द्राक्षांच्या मळ्यांतून दगडी पायऱ्यांचे जिनेच जिने वर जातात. चैत्रापासून आजवर बहुधा एकही जिना यांनी सोडलेला नाही. बोलायची वेळ आलीच तर "घरून तार आली तेव्हा" म्हणतात, "तिकडचं सगळं आटोपलं" म्हणतात. त्यापुढचे दोन शब्द काही तोंडातून निघत नाहीत.

थोरला दहाव्या पायरीवर बसकण मारतो. "पापा, इश बिन म्यूडं," म्हणतो. दमलोय. मी मराठीत विचारते, तो जर्मनमध्ये उत्तर देतो, ते आता आमच्या अंगवळणी पडलंय. पण या एका वाक्याचा मला हेवा वाटतो. किती सहज म्हणतो पोरगा! मला हे वाक्य कुठल्याच भाषेत वेळेवर म्हणता आलेलं नाही. यांचं चालणं मी ओळखते. एखादी गोष्ट मनाला पेलेनाशी झाली की हे ती पायांवर घेतात. मला इटलीची धास्ती नाही, धास्ती आहे ती या माणसाच्या न रडण्याची. आणि आणखी एकदा त्यांच्या मागून तितकं चालायचं बळ माझ्यात उरलेलं नाही.

आमचं लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी भावकीतले एक वृद्ध काका गेले. सुतक आलं. आमच्याकडे लग्नानंतर आधी जोडीने कुलदेवीला जायचं, तिची ओटी भरायची आणि मगच नवा संसार सुरू व्हायचा. तोवर नवरानवरी एका छपराखाली राहूनही पाहुण्यासारखी. देवी कोकणात, घाट उतरून आणि पुढे होडीने खाडी ओलांडून. सुतकात देवळाची पायरी कशी चढणार? सुतक फिटलं तेव्हा यांची जर्मनीची बोट लागलेली होती. स्टुटगार्टच्या टेक्निकल हायस्कूलमध्ये डॉक्टरेट करायला हे गेले, आणि मी सासूबाईंच्या शेजारी माजघरात झोपणारी नवी सून, तशीच राहिले. इथे हायस्कूल म्हणजे इंजिनियरांचं विद्यापीठ. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं आणि माझ्या माहेरी तर कित्येक दिवस समज होता की जावई पुन्हा शाळेत बसलेत.

दीड वर्षाने माझं तिकीट आलं. निघताना सासूबाईंनी माझ्या ट्रंकेत देवीचा चांदीचा टाक ठेवला, खण ठेवला, नारळ, हळकुंडं, तांदळाची पुरचुंडी. बाई ठेंगणी, बोलायला कमी, पण जे बोलायची ते शेवटचं. "घरी पोचलात की आधी दिवा लाव. जोडीने ओटी भरा," एवढंच म्हणाल्या.

आषाढातल्या समुद्राने मला एडनपर्यंत नुसतं हलवून काढलं. पोटात पाणी ठरेना. त्यानंतर समुद्र शांत झाला, पण मी नाही. नेपल्सला उतरले तेव्हा पायाखालची जमीनसुद्धा हलत होती. धक्क्यावर टोपी हातात घेऊन एक किडकिडीत माणूस उभा होता. हेच का ते, असा मला क्षणभर प्रश्न पडला. त्यांनाही पडला असावा, कारण त्यांनी माझ्या शेजारच्या पारशी बाईंकडे आधी पाहिलं. माझं तोंड वाळलेलं, रंग रापलेला, निघताना हौसेने शिवलेला ब्लाउज अंगात गळ्याशी लोंबत होता. "प्रवास कसा झाला?" यांनी विचारलं. "छान," मी म्हटलं.

नव्या सुनेने दमले म्हणायचं नसतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायची गरजही नव्हती. आमच्या घरातली कुठलीच बाई ते म्हणत नसे.

मला वाटलं, आता गाडीत बसायचं आणि घर गाठायचं. पण ट्रंक थेट स्टुटगार्टला बुक झाली आणि यांनी खिशातून नकाशा काढला. "वाटेतच आहे सगळं," म्हणाले. यांच्या इन्स्टिट्यूटमधल्या सगळ्या लग्न झालेल्या जर्मनांनी यांना बजावून पाठवलं होतं, बायकोला इटली दाखवलीच पाहिजे.

रोममध्ये ऊन दगडातून वर येत होतं. कलोसियमच्या भिंतींना टेकून लोक फोटो काढत होते आणि मी सावली शोधत होते. यांच्या हातात जाडजूड जर्मन मार्गदर्शक पुस्तक. प्रत्येक कमानीपाशी थांबून मोठ्याने वाचायचे, मग मला मराठीत समजवायचे. कुठला सम्राट, कुठल्या सम्राटाचा कुठला जावई. मी मान डोलवत होते. रस्त्यांच्या चिऱ्यांमध्ये माझ्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा यांनी तो रुमालाने बांधला. इतका हळुवार बांधला, की मला वाटलं आता म्हणतील, बसूया जरा. पण उठले आणि म्हणाले, "अजून तीन चर्च राहिलीत."

चर्चच्या दारात उघड्या दंडांच्या जर्मन बायकांना अडवत. मला मात्र पदर पाहून मानाने आत सोडत. मी दारातच चपला काढायची. "इथे काढत नाहीत, नलू," हे कानाशी कुजबुजायचे, पण मी काढायचीच. यांना वाटायचं, ही भाविक आहे. मी चपला पायांसाठी काढत होते. संगमरवरी फरशी अशी थंडगार, की तळव्यांची आग उतरायची. मुलाला मांडीवर घेतलेल्या त्यांच्या देवीसमोर मी अनवाणी उभी राहायची. बसलेली बाई पाहूनसुद्धा बरं वाटे.

पिसाचा मनोरा कलला होता, आणि माझी अवस्था काही वेगळी नव्हती. हे तोही चढले. फ्लॉरेन्सच्या घुमटाला आतून अरुंद, काळोखे जिने. निऱ्या एका हातात, दुसरा हात भिंतीला, पुढे यांचे बूट. वर पोचल्यावर सगळी लाल कौलं, आणि नदी, आणि निळसर डोंगर. सुंदर होतं, खरंच सुंदर होतं. आजही डोळे मिटले की ती कौलं दिसतात. पण तिथे उभी असताना माझ्या मनात होतं, की एवढं चढलोय, आता एवढंच उतरायचंय.

जेवायला मी भाकरीसारखा जाड पाव, टोमॅटो आणि पीच खाल्ले. पीच तेव्हा पहिल्यांदा पाहिले. अजून इथल्या बाजारात इटलीच्या पीचच्या पेट्या उघडल्या की त्या वासाने माझ्या पोटऱ्या दुखायला लागतात. याला कोणी आठवण म्हणेल का?

आणि दिवसभर असं हिंडून खोलीवर आलं, की हे खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचे आणि पाठमोरेच म्हणायचे, "तू झोप." रोमलाही तेच, पिसालाही तेच. मी पलंगाच्या एका कडेला. हे कधी झोपायला येत कोण जाणे. सकाळी उठावं तर बूट घालून तयार. कशातच काही उणं नव्हतं. माझ्यासाठी पाणी आणायचे, माझी पिशवी धरायचे, दूध मिळेल अशी दुकानं शोधायचे. फक्त माझ्याकडे पाहायचे नाहीत. फ्लॉरेन्स सोडताना मला कळून चुकलं होतं, की या माणसाला मी पसंत नाही. तिकडून लग्न करून आला, इथे दीड वर्ष राहिला, आता मन फिरलंय. भला माणूस आहे म्हणून परत पाठवत नाही, नुसता हिंडवतोय.

व्हेनिसला सगळं गाव पाण्यात. ते हलतं पाणी पाहून मला बोटच आठवली. "मी आता कसल्याही होडीत पाय ठेवणार नाही," मी म्हटलं. लग्नानंतर यांना ऐकवलेलं माझं पहिलं ठाम वाक्य. जिथे माणसं गाव बघायला होडीत बसतात ते व्हेनिस आम्ही त्यामुळे पायी पाहिलं. पूल चढा, पूल उतरा. भर दुपार, खिडक्यांच्या झडपा बंद, वर एका घरातून दुसऱ्या घरापर्यंत दोरीवर चादरी वाळत घातलेल्या, आणि चादरींतून थेंब गळत होते. एका लहानशा पुलाच्या मधल्या पायरीवर मी बसले आणि उठलेच नाही.

"अजून थोडंच आहे," हे म्हणाले.

"अहो, मला परत पाठवायचं असेल तर सांगून टाका," मी म्हटलं. "जिनोआहून बोट असते. मी जाईन. माझ्या घरी काय सांगायचं ते मी बघेन. पण असं फिरवू नका."

यांना आधी कळेचना. मग कळलं, आणि कान लाल झाले. पुस्तक बंद करून हे माझ्या शेजारी पायरीवर बसले. पाण्याकडे बघत म्हणाले, "आईला शब्द दिलाय गं."

"कसला शब्द?"

"निघताना बंदरावर घेतला तिने. तू आलीस की घरी जाऊन देवीपुढे दिवा लागेपर्यंत, ओटी भरेपर्यंत..." पुढचं वाक्य यांनी गिळलं. "टाक ट्रंकेत, ट्रंक स्टुटगार्टला. मी तरी काय करू? खोलीत बसवत नाही मला. म्हणून चालतोय."

देवावर काडीचा विश्वास नसलेला हा इंजिनियर, आईला दिलेल्या शब्दापायी अर्धी इटली तुडवत आला होता! मी हसायला लागले ते थांबेना. हसता हसता रडायला लागले. वरच्या खिडकीची झडप उघडली, एका म्हातारीने खाली वाकून पाहिलं, काहीतरी रागावून यांना बोलली आणि मला एक पीच फेकून दिला. यांनी तो झेलला. नवराबायको म्हणून आम्ही एकत्र खाल्लेली ती पहिली वस्तू.

स्टुटगार्टची खोली चौथ्या मजल्यावर होती. सामान वर चढवलं, ट्रंक उघडली, टाक मांडला, दिवा लावला, जोडीने ओटी भरली. नारळ फोडायला घरमालकिणीचा हातोडा आणला. आणि मग पुढचं सगळं म्हणजे काय, तर आम्ही दोघं झोपलो. अगदी खरोखर झोपलो. मी एकदा पाणी प्यायला उठले तेव्हा बाहेर उजेड होता. तो सकाळचा की संध्याकाळचा हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे पाच वर्षांनी थोरल्याला घेऊन पुण्याला गेलो. एका दुपारी सासूबाई आणि मी पावटे सोलत बसलो होतो. सासूबाई अचानक म्हणाल्या, "बोटीतून उतरलीस तेव्हा पोटभर झोपलीस ना गं?"

मी हसून सगळी इटली सांगितली. रोमची चप्पल, फ्लॉरेन्सचा घुमट, व्हेनिसचे पूल. मला वाटलं, हसतील. त्यांचे हात थांबले.

"चालवलं? तुला? बोटीतून उतरल्या उतरल्या?"

"त्यांनी शब्द दिला होता ना तुम्हाला."

"अगं, तो शब्द कशासाठी घेतला मी?" सासूबाई सुपाकडे बघत बोलत होत्या. "देवीला काय घाई असते? ती बसलीय तिथे. म्हटलं, परक्या मुलखात पोरगी समुद्रातून पिळवटून येईल. थेट घरी नेईल, दिवा लागेपर्यंत तरी कोणी तिला हात लावणार नाही, निवांत पडेल. 'दमली असेल हो, सांभाळ' म्हटलं असतं तर 'हो आई' म्हणाला असता आणि विसरला असता. देवीचं नाव घातल्याशिवाय पुरुषमाणूस ऐकतोय होय? मला काय ठाऊक, मधे इटली काढील म्हणून!"

त्यांनी पावट्याची एक शेंग मोडली, दाणे काढले, आणि आणखी हळू म्हणाल्या, "मी या घरात आले तेव्हा नुकता परकर सुटला होता. बैलगाडीतून आले. दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. उतरल्याबरोबर पंगतीत वाढायला लावलं. आणि मग... मला कुणी झोपू दिलं नाही गं." मग म्हणाल्या, "त्याला नको सांगू हे. वरमेल बिचारा."

मी सांगितलं नाही. त्या होत्या तोवर ते त्यांचं होतं.

आज स्टेशनवरून येताना पाहिलं, इथे कामाला आलेले इटालियन लोक फलाटावर घोळक्याने उभे होते. दर रविवारी असतात. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, कुठेही जायचं नसतं. दक्षिणेकडे निघालेली गाडी बघायची आणि परत फिरायचं. विश्रांतीसाठी जर्मन माणूस त्यांच्या गावाला गेलाय, आणि ते इथे उभे. मी त्यांच्याजवळून जाताना पावलं हळू झाली. कुठून थकवा येतो हे काही वेळा दुसऱ्याकडे पाहून कळतं. चैत्रापासून मला वाटत होतं की जिना झाडून, मुलांचं करून मी थकलेय. तसं नाही. मी सांगायच्या आत माझा थकवा ओळखणारं जगात एकच माणूस होतं, ते गेलं. आणि त्याबद्दल या घरात बोलायची सोय नाही, कारण ज्यांची ती आई, ते पेन्सिल घेऊन नकाशावर वाकलेले.

घरी आले. मुलं फ्राईबाडमध्ये पोहायला गेली होती. खिडकी उघडी, गल्ली रिकामी, ऊन टेबलापर्यंत आलेलं. यांनी विचारलं, "मग? पंधरा दिवसांची रजा टाकू?"

"बसा," मी म्हटलं. हे बसलेलेच होते. "तुम्हाला एक सांगायचंय. सासूबाईंनी सांगू नको म्हटलं होतं."

मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, पावट्यांसकट. शब्द कशासाठी घेतला ते सांगितलं. हे आधी हसले. "म्हणजे मी सगळं उलटंच केलं?" म्हणाले, आणि आणखी हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मी बैलगाडीचं सांगितलं. 'मला कुणी झोपू दिलं नाही' हे त्यांच्याच शब्दांत सांगितलं. हसू थांबलं.

"हे सांगताना कुठलं लुगडं होतं अंगावर?" यांनी विचारलं.

"हिरवं. काठ विटलेलं."

"ओसरीवर बसली होती?"

"नाही, मागच्या दारी. उन्हात."

"आणखी काय म्हणाली?"

"एवढंच."

"नाही, पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी मधेच यांनी पेन्सिल खाली ठेवली. ती टेबलावरून घरंगळत जाऊन पडली, कोणी उचलली नाही. हे नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते, लहान मूल गोष्ट ऐकताना बघतं तसं, आणि ओठ हलायला लागले होते.

"आई गेली गं, नलू," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं.